मालाड, कांदिवली, कुर्ला : मुंबईच्या दगडखाणी आणि त्यांत सापडलेली खनिजं

‘कोळसेतर खाण’ म्हटलं की नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज किंवा रेडीचं लोहखनिज आठवतं, मुंबई आठवत नाही. पण १९५२च्या खाण कायद्याने बांधकामाचा दगड आणि रस्त्याची खडी काढण्याची जागाही खाणच मानली होती. उघड्या खाणीला त्या कायद्यातून सूट हवी असेल तर तीन अटी एकाच वेळी पाळाव्या लागत : खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामावर नकोत आणि स्फोटकांचा वापर अजिबात नको. सुरुंग लावून खडी काढणारी कुठलीही खाण या सवलतीत बसत नसे. म्हणजे मालाड, कांदिवली, चांदिवली, कुर्ला, तुर्भे ही सगळी नावं खाणींच्या इतिहासातली आहेत. जगभरच्या खनिजसंग्रहालयांत ती चिठ्ठ्यांवर लिहिलेली सापडतात, मुंबईकराला मात्र त्यांची फारशी कल्पना नसते.

याचं मूळ इथल्या खडकात आहे. दख्खनचं पठार बेसाल्टच्या थरांवर थर साचून बनलं, त्याचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबईचा खडक याच कुळातला असला तरी त्याची घडण वेगळी आहे. पुणे-नाशिककडे थर जवळपास आडवे पसरलेले दिसतात, तर मुंबईत ते पश्चिमेकडे कलले आहेत. इथला काही लाव्हा पाण्यात ओतला गेला. पाण्यात शिरलेला लाव्हा बाहेरून झटकन थिजतो, आतून फुगतो आणि त्याचे गोल लोड एकमेकांवर रचले जातात. त्यांच्या मधल्या फटींत काचेचा चुरा आणि भेगाळलेला खडक भरतो. वरळी आणि मलबार हिलच्या भागात लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचे थर सापडले आणि वरळीच्या थरांत बेडकांचे जीवाश्म मिळाले. म्हणजे इथे उद्रेकांच्या मधल्या काळात तळी होती. मुंबईचा सगळा दगड ६.६ कोटी वर्षांचा असल्याचं जे सरसकट सांगितलं जातं, तेही बरोबर नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं आणि मनोरीच्या ट्रॅकाइट या फिकट ज्वालामुखी दगडाचं आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय ६ ते ६.२ कोटी वर्षांच्या दरम्यान येतं. मुंबईचा हा भाग उशिराच्या उद्रेकांतला आहे.

फटींतून आणि लाव्हातल्या वायूच्या फुग्यांतून गरम पाणी फिरलं. त्याने खडकातलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून पोकळ्यांच्या भिंतींवर पुन्हा बसवलं. असे बनले झिओलाइट : स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, लॉमोंटाइट. स्फटिकाच्या रचनेत पाणी धरून ठेवणारा हा गट तापवला की फसफसून पाणी सोडतो. झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेडने १७५६ मध्ये दिलं ते त्यावरूनच. ॲपोफिलाइट, प्रेहनाइट, ओकेनाइट आणि गायरोलाइट त्यांच्याबरोबर सापडतात, पण ते झिओलाइट नव्हेत. विक्रेते सर्रास सगळ्यांना एकाच नावाने विकतात, ते थांबायला हवं. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे भूशास्त्रज्ञ रु. न. सुखेस्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातल्या या खनिजांचे पट्टे मांडले. त्यात मुंबई लॉमोंटाइटच्या पट्ट्यात येते. लॉमोंटाइट आणि प्रेहनाइट ही जास्त तापमानाची लक्षणं आहेत. पठारावर स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइटची रेलचेल असताना मुंबईत हिरवा प्रेहनाइट आणि त्याच्यासोबत काळा चकचकीत बॅबिंग्टोनाइट का, याचं उत्तर इथे मिळतं.

या खनिजांकडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लक्ष गेलं ते खाणीमुळे नाही, रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाची चढण १८५६ मध्ये फोडायला घेतली आणि १८६३ मध्ये ती वाहतुकीला खुली झाली. २५ बोगदे आणि खोल कटिंगं काळ्या सुरुंगाच्या दारूने आणि हाताच्या छिन्नीने पाडली गेली. त्या कामात ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइटने भरलेल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि नमुने युरोपातल्या संग्रहांत गेले. त्या काळातल्या चिठ्ठ्यांवर बहुतेकदा ‘पूना’ किंवा ‘बॉम्बे’ एवढंच लिहिलेलं असतं. नमुना नेमका कुठला याबद्दलचा आजचा निम्मा गोंधळ तिथून सुरू झाला, त्याकडे पुढे येऊ.

शहरातल्या खाणींना दगड हवा होता तो इमारतींसाठी. जनरल पोस्ट ऑफिस १९१३ मध्ये पूर्ण झालं. त्याला स्थानिक काळा बेसाल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड वापरला आहे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर दगड आहे. एकट्या कुर्ल्यातून करडा आणि पिवळा असे दोन्ही दगड निघत. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाचा दगड मालाडजवळच्या खारोडीचा. छापील माहितीत त्याला ‘पिवळा बेसाल्ट’ म्हटलेलं असतं, पण ताजा बेसाल्ट काळा किंवा करडा असतो. मालाड-मनोरी पट्ट्यातला फिकट दगड ट्रॅकाइटच्या वर्गातला आहे, त्यात सिलिका जास्त आणि लोह कमी. छिन्नीखाली तो बेसाल्टपेक्षा सहज घडतो, म्हणून कोरीवकामाला आणि दर्शनी भागाला तो घेतला गेला. पायासाठी आणि जोत्यासाठी मात्र काळाच.

घडीव दगड आणि खडी यांच्या खाणकामात मूलभूत फरक आहे. घडीव दगडाला जोरदार स्फोट चालत नाही. त्याने अख्ख्या तुकड्यात केसासारख्या भेगा पडतात आणि पाथरवट घडवायला बसला की कोपरा निखळतो. म्हणून रेषेत भोकं पाडायची, त्यांत पोलादी पाचरी बसवायच्या आणि एकेक करत घणाने आळीपाळीने ठोकत जायचं. एकाच पाचरीवर जोर दिला तर फूट वाकडी जाते. दगडाची नैसर्गिक सांध ओळखणं हे या कामातलं खरं कसब, आणि ते वडार व पाथरवट समाजांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होतं. मुंबईच्या वारसा इमारतींच्या माहितीफलकांवर वास्तुविशारदाचं नाव असतं, दगड काढणाऱ्यांचा उल्लेखही नसतो. ही उणीव भरून काढायला हवी.

कांदिवलीची कथा निराळी. तिथला दगड शोभेसाठी नव्हता, समुद्र हटवण्यासाठी होता. दक्षिण मुंबईतल्या बॅकबे या उपसागराच्या भरावासाठी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट स्थापन झालं. ११४५ एकर जमीन मिळवायची योजना होती. समुद्रातली भिंत उभारायला लागणारा डबर कांदिवलीच्या डोंगरातून काढून बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने आणला जाई. डबराची भिंत सच्छिद्र असते. तिच्यामागे पातळ गाळ ओतला की तो फटींतून परत समुद्रात निसटतो. बॅकबेला नेमकं तेच झालं, खर्च वाढत गेला, वकील खुर्शेद नरिमन यांनी कारभारावर जाहीर आरोप केले आणि चौकशी समिती बसली. शेवटी सुमारे ४४० एकरांवर काम थांबलं. मरीन ड्राइव्हची जमीन याच भरावातली. कांदिवलीतून निघालेल्या दगडाने शहराचा किनारा बदलला आणि त्याच खाणपट्ट्याने पुढे संग्राहकांना लॉमोंटाइट-प्रेहनाइटचे नमुने दिले.

स्वातंत्र्यानंतर सिमेंट काँक्रीटचं युग आलं आणि घडीव दगडाची जागा खडीने घेतली. मालाड-कांदिवलीपासून पवई-चांदिवलीपर्यंत क्रशर धडधडू लागले. काम साधारण असं चालतं. आधी वरची माती आणि मुरूम काढायचा. मग जॅकहॅमरने ३२ ते ३४ मिलिमीटर व्यासाची भोकं पाडायची, मोठ्या खाणीत वॅगन ड्रिलने १०० मिलिमीटरच्या वर. भोकात स्फोटक, वर मातीचा घट्ट ठासा. ठासा कमी पडला तर जोर तोंडातून वर निघून जातो, दगड फुटत नाही आणि तुकडे उडतात. फुटलेला माल जॉ क्रशरमध्ये, तिथून कोन क्रशरमध्ये आणि चाळणीवर : ४० मिमी, २० मिमी, १० मिमी आणि उरलेला चूर. विक्री ब्रासने होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुटी खडी असेल तर साधारण सव्वाचार ते साडेचार टन.

चुकतं कुठे, तर पायऱ्यांमध्ये, म्हणजे खाणीचा कडा ज्या टप्प्यांनी कापत जायचा त्यांत. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ (कोळसेतर खाणींचे नियम) नुसार कठीण खडकातही हाताने काम करताना पायरीची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीइतकी तरी हवी. पण पायरी ठेवली की तेवढा दगड अडकून पडतो, म्हणून सरळ उभा कडा कापण्याचा मोह होतो. त्यात बेसाल्टच्या दोन थरांमध्ये भाजलेल्या मातीचा लाल, मऊ पट्टा असतो. पावसाळ्यात तो पाणी शोषतो, वरचा अखंड दगड त्यावरून सरकतो. खाण बंद पडल्यावर असा उभा कडा तसाच राहतो आणि त्याच्या पायथ्याशी झोपड्या उभ्या राहतात. बंद खाण सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. चालू खाणीत निदान कुणीतरी सुटलेले दगड पहारीने पाडत असतो.

खडीवाल्याच्या दृष्टीने झिओलाइट हा दोष आहे. पोकळ्यांनी भरलेला बेसाल्ट कमी ताकदीचा आणि लॉमोंटाइट असलेली खडी तर टाळावीच. लॉमोंटाइट उघड्यावर आला की स्वतःतलं थोडं पाणी सोडतो, पांढरा पडतो आणि चिमटीत भुगा होतो. काँक्रीटमध्ये ओल-सुकीच्या चक्रात तो फुगतो-आकसतो. म्हणून असा दगड बाजूला ढिगात टाकला जातो. खनिजांचा शोध लागतो तो बहुतेकदा अशा ढिगांत.

मालाडच्या खाणीचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे प्रेहनाइटची ‘बोटं’. पोकळीत आधी लॉमोंटाइटचे लांबट स्फटिक वाढले. नंतर गरम पाण्याने त्यांच्यावर फिकट हिरव्या प्रेहनाइटचं कवच चढवलं. आतला लॉमोंटाइट विरघळला किंवा चुरा होऊन गेला, कवच उरलं. त्यामुळे बोट तुटलं तर आत पोकळी दिसते, कधी लॉमोंटाइटची पांढरी पूडही. प्रेहनाइटची कठीणता ६ ते ६.५, लोखंडी सुरीने ओरखडा सहज पडत नाही. ॲपोफिलाइट ४.५ ते ५, शिवाय तो एका प्रतलात सपाट तुटतो. त्याला गरम पाण्यात टाकणं किंवा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये ठेवणं म्हणजे फोडणंच. ओकेनाइट तर आणखी नाजूक : पांढऱ्या बारीक तंतूंचा गोळा, कापसाच्या बोंडासारखा. बोट लागलं की तंतू दबतात आणि परत उभे राहत नाहीत, धुतला तर एकमेकांना चिकटतात. बाजारात निळा-गुलाबी ओकेनाइट दिसला तर तो रंगवलेला आहे असं समजावं.

सफाईत सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते आम्लामुळे. वरचा कॅल्साइट काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की कॅल्साइटबरोबर स्टिल्बाइट, ह्युलँडाइट आणि ॲपोफिलाइटही झिजतात, स्कोलेसाइटची तर जेलीसारखी लादी होते. साधं पाणी, मऊ ब्रश आणि लाकडी काडी पुरते. लॉमोंटाइट टिकवायचा असेल तर काढल्याबरोबर ओलसर ठेवून पातळ रेझिनने बांधावा लागतो.

उपनगरं वाढली तशी वस्ती खाणींना येऊन भिडली. ज्या कड्याजवळ इमारत आहे तिथे सुरुंग लावता येत नाही. गिल्बर्ट हिल हे या ओढाताणीचं ठळक उदाहरण. ६१ मीटर उंचीचा, उभ्या स्तंभांचा हा बेसाल्ट १९५२ मध्ये संरक्षित झाला, तरी भोवतालचा दगड बराच काळ काढला जात राहिला. आज सुळका उरला आहे, त्याच्या पायथ्याचा पसारा गेला. १९५७च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ प्रमाणे गौण खनिजांचे नियम राज्य करतं. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली, आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राचे नवे गौण खनिज नियम आले. खडीचा धंदा तोवर ठाणे, वसई, तुर्भे-पारसिक आणि पनवेलकडे सरकला होता. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, तीही याच खडकातली.

म्हणून आता जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांचं महत्त्व वाढलं आहे. मालाड-कांदिवलीच्या खाणींतून नवा माल येत नाही आणि जुन्या संग्रहांतून ‘बॉम्बे’ लिहिलेला नमुना हातात आला तर तो खुद्द शहराचा, बोरघाटाचा की मुंबईच्या व्यापाऱ्याकडून गेलेला पुण्या-जळगावचा, हे ठरवावं लागतं. लॉमोंटाइटवरचा प्रेहनाइट आणि बॅबिंग्टोनाइट असेल तर मुंबईकडे कल द्यावा. निळा कॅव्हनसाइट असेल तर तो वाघोलीचा, मग चिठ्ठी काहीही म्हणो. नवा नमुना मिळाला तर त्याच दिवशी लिहायचं : गाव, खाणीचं स्थानिक नाव, सर्व्हे नंबर, कुठली पायरी, पोकळीतली बाकीची खनिजं, तारीख. शाई पाण्याने न जाणारी हवी आणि एक आकडा नमुन्याच्या तळाच्या दगडावरही टाकायचा, कारण डबीतली चिठ्ठी हरवतेच.