युरोपात रेल्वेने फिरायला सॅक घेताय? आधी सामान घेऊन या

उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि दिवाळी जवळ आली की दुकानात एकच प्रश्न रोज येतो: "युरोपला चाललोय, ट्रेननेच फिरणार आहोत, किती लिटरची सॅक घेऊ?" प्रत्येकाला नीट वेळ द्यावा अशी आमची इच्छा असते, पण गर्दीत ते होत नाही. म्हणून हे पत्रक.

आकडा लगेच सांगतो. माणशी ३५ ते ४० लिटर. दहा दिवस असोत की तीन आठवडे, तो बदलत नाही, कारण कपडे पाच-सहा दिवसांचेच न्यायचे आणि वाटेत धुवायचे.

हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. त्यांनी ६० लिटरची तयारी केलेली असते. रेल्वेचे नियम तर सैल आहेत, असंही ते सांगतात, आणि ते खरं आहे. लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टार गाडीत ८५ सेंटीमीटर लांबीपर्यंतच्या दोन बॅगा आणि वर हातातली एक चालते. फ्रान्समधल्या विगोसारख्या स्वस्त गाड्या मात्र कडक आहेत. तिथे साध्या तिकिटावर ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरची बॅग आणि एक छोटी पर्स, त्याहून मोठ्या बॅगेला जादा पैसे. पण खरी अडचण उचलण्याची आहे. तिथे फलाटावर हमाल नाही. डब्यात चढवायचं तुम्हीच, सीटच्या वरच्या रॅकवर टाकायचं तुम्हीच. टीजीव्हीची, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीची, दारं सुटायच्या वेळेआधी दोन मिनिटं बंद होतात. लंडनहून आलेली युरोस्टार पॅरिसला गार द्यु नोर स्टेशनवर सोडते, आणि लियाँची किंवा स्वित्झर्लंडची गाडी पकडायला गार द लियाँ हे पॅरिसमधलंच दुसरं स्टेशन गाठावं लागतं. मध्ये आरईआर या पॅरिसच्या लोकलच्या डी लाइनवर दोनच स्टेशनं, पण जिने, तिकिटाची अरुंद गेटं आणि ऑफिसची गर्दी. व्हेनिसला सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर कालवा, आणि पलीकडे जायला पायऱ्यांचा पूल. चाकाची बॅगही तिथे हातातच घ्यावी लागते.

आता मूळ मुद्दा. तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ एका चुकीत जातो: सॅक आधी घेणं आणि सामान नंतर ठरवणं.

होतं असं. गिऱ्हाईक रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघतं. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. विमानाच्या आदल्या रात्री सामान भरायला घेतात. जीन्स तीन, बुटांचे दोन जोड, चिवडा, भाजणी, उपम्याची पाकिटं, कुणाचा छोटा राइस कुकर. सॅक मिटत नाही, मग गुडघा टेकवून चेन ओढतात आणि दात उसवतात. सकाळी दुकान उघडायच्या आत फोन: "मोठी बदलून द्या, रात्री फ्लाइट आहे." मोठी दिली तर तीही भरते, आणि मग चौदा किलो घेऊन माणूस झुरिकच्या स्टेशनात पाच मिनिटांत गाडी बदलायला धावतो.

म्हणून आमची विनंती अशी की जे न्यायचं ते सगळं पिशव्यांत भरून दुकानात आणा. आमच्याकडे मोठं टेबल आणि वजनकाटा आहे. बुटांचा जड जोड पायात, जाकीट अंगावर, हे धरून बाकीचं टेबलावर मांडतो. कपडे गुंडाळून भरतो. सॅकसकट वजन सात-आठ किलोच्या आत आलं पाहिजे. बहुतेक विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादाही त्याच आसपास असते. खाऊ न्या, परदेशात चौथ्या दिवशी मेतकूट-भाताची किंमत कळते. फक्त तुपाचा डबा आणि पेढे काढून ठेवा. दुधाचे पदार्थ युरोपियन महासंघात बाहेरून नेता येत नाहीत.

सामान भरल्यावर पाठीचं माप. मान खाली घाला, मानेच्या बुडाशी जे हाड टोचतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप लावतो. उंचीवरून हे माप कळत नाही. सारख्याच उंचीच्या दोन बहिणींच्या पाठीत तीन-चार सेंटीमीटरचा फरक निघू शकतो. मग कमरपट्टा आधी आवळायचा, अगदी हाडावर, पोटावर नाही, आणि खांद्याचे पट्टे नंतर. भार कमरेवर आला की खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात. तेवढं झालं की दुकानाच्या जिन्यावर दोनदा वर-खाली करा. हे सगळं करायला अर्धा तास लागतो. काहींना ते नको असतं, पण त्याशिवाय सॅक द्यायला आमचं मन घेत नाही.

"घरात हिमालयाच्या ट्रेकची सॅक आहे, ती चालेल का?" चालेल, पण ती वरून उघडते. रात्रीच्या गाडीत सहा बर्थच्या कंपार्टमेंटमध्ये तळातला मोजा काढायला सगळं सामान बर्थवर ओतावं लागतं. आम्ही शिवतो ती ३८ लिटरची सॅक तीन बाजूंनी सुटकेससारखी उघडते आणि पाठीच्या दोन मापांत मिळते. ऑनलाइन याहून स्वस्त मिळतात, आम्हाला माहीत आहे. कुठलीही घ्या, पण खांद्याचा पट्टा सॅकला जिथे जोडलाय तिथली शिलाई उलटून बघा. सॅक पहिली तिथेच उसवते. आम्ही तिथे पट्टा आत दुमडून घेतो आणि आडवे दाट टाके घालतो. चेनचा रनर गेला तर आमच्या सॅकला कधीही फुकट बदलून मिळेल. दुसऱ्या कंपनीच्या सॅकलाही बसवून देतो, फक्त रनरचे पैसे घेतो.

पावसाचं कव्हर सोबत येतं, तरी कपडे आतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, चेनमधून पाणी झिरपतंच. पासपोर्ट आणि पैसे पाठीवर नकोत, शर्टाच्या आतल्या पाकिटात ठेवा.

बदलून देण्याबद्दल: न वापरलेली, लेबल असलेली सॅक पंधरा दिवसांत बदलून देतो. प्रवास करून आलेली परत घेत नाही, दुरुस्त मात्र करून देतो. व्हिसा हातात आला की या, निदान दोन आठवडे हाताशी ठेवून. मंगळवार ते गुरुवार दुपारी गर्दी कमी असते, टेबल मोकळं मिळतं.