रिपोर्टमध्ये ‘एस’ आलंय, मग गुडघ्यातला पू थांबत का नाही?

ओळखीतल्या एका काकूंच्या गुडघ्याच्या वाट्या बदलून वर्ष झालं आणि टाक्यांच्या शेजारी बारीक भोक पडून पाणी यायला लागलं, रोज सकाळी पट्टीवर रुपयाएवढा पिवळा डाग. कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले, तर एमआरएसए निघाला, बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू. रिपोर्टमध्ये बऱ्याच औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही), पण व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतं). घरच्यांना हायसं वाटलं. औषध शिरेतून चालू असेपर्यंत डाग कमी, बंद केलं की पुन्हा हजर. मग नेहमीचं सुरू, डोस कमी पडला, डॉक्टर चुकले.

डोस पुरेसा असूनही असं होतं. लॅबमध्ये जंतू सुटे करून, ताजं खाद्य देऊन, भराभर वाढत असताना त्यांच्यावर औषध टाकतात. गुडघ्यात ते तसे राहतच नाहीत. बसवलेल्या सांध्याच्या धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी तिथे नीट पोचत नाहीत. 1957 मध्ये माणसांच्या कातडीवर प्रयोग झाले होते, नुसते स्टॅफिलोकॉकस टोचले तर पू व्हायला दहा लाखांहून जास्त लागायचे, पण तिथे रेशमाचा टाका असला की काही शे पुरायचे! एक साधा दोरा एवढा फरक करतो, इथे तर आख्खा सांधा आहे.

एकदा चिकटले की हे जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, बायोफिल्म. सकाळी दातांवर जीभ फिरवली की जे लागतं ते हेच. या थरात औषध कमी शिरतं एवढंच सगळे सांगतात, पण मला त्याहून भारी वाटते ती दुसरी गोष्ट. खोलवर अन्न आणि ऑक्सिजन कमी, म्हणून तिथले जंतू वाढणंच थांबवतात, जवळजवळ झोपतात. पेनिसिलिनच्या घरातली औषधं काय किंवा व्हँकोमायसिन काय, जंतू नवी भिंत बांधत असतानाच त्याला मारतात, आणि जो बांधकामच करत नाही त्याचं काय बिघडणार? म्हणजे हा जंतू त्या औषधाला रेझिस्टंट नसतो, नुसता निजलेला असतो. औषध थांबलं की उठतो, आणि उठलेल्याची टेस्ट केली तर परत ‘एस’च येतं.

इथे टीबीचं आपलं जुनं रिफाम्पिसिन कामाला येतं, तेच, लघवी केशरी करणारं. ते भिंतीला हात न लावता जीन वाचणारं यंत्रच अडवतं, आणि ते यंत्र निजलेल्यातही हळूहळू चालू असतं. 1998 मध्ये स्विस डॉक्टरांनी छापलेल्या, अशाच धातूवरच्या इन्फेक्शनच्या चाचणीत कोर्स पूर्ण करणाऱ्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकसोबत रिफाम्पिसिन घेतलेले 12 पैकी 12 बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनवर 12 पैकी 7. आकडा लहान आहे, आणि 2020 च्या नॉर्वेतल्या चाचणीत असा फायदा दिसला नाही, त्यामुळे वाद अजून चालू आहे. शिवाय त्या यंत्राच्या जीनमध्ये एक अक्षर बदललं तरी औषध निकामी होऊ शकतं, आणि कोट्यवधी जंतूंमध्ये असा एखादा आधीच बसलेला असू शकतो. म्हणून अशा इन्फेक्शनमध्ये ते एकटं देत नाहीत, आणि आधी ऑपरेशन करून, खरवडून धुऊन जंतूंची गर्दी कमी करतात.

इन्फेक्शन ताजं असेल तर सांधा तसाच ठेवून फक्त मधलं प्लास्टिक बदलून भागू शकतं. पण भोक पडून वाहायला लागलं की बहुतेक वेळा सगळंच काढावं लागतं. अशा भोकावर लेप लावून ‘विष बाहेर काढणारे’ गावोगावी भेटतात, पण ते भोक थेट धातूपर्यंत गेलेलं असतं हो, वरून काय लावणार! आणि लेपाच्या नादात महिने जातात तेवढ्यात हाडही पोखरतं.

काकूंचा सांधा काढलाय. त्या जागी व्हँकोमायसिन कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा आहे, त्यातून झिरपणारं औषध जागेवर इतकं साचतं की तेवढं रक्तातून दिलं तर किडनी जाईल. पट्टी सध्या कोरडी आहे. वॉकर धरून संडासापर्यंत जातात, नवा सांधा अजून बसायचाय.