वार्धक्यारंभ

वार्धक्यारंभ : माणूस म्हातारा कधीपासून मानायचा, याविषयीच्या रूढी, वैद्यकीय मते आणि कायदेशीर मर्यादा. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ नुसार वयाची ६० वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक ‘ज्येष्ठ’ ठरतो. परंतु ही मर्यादा सर्वत्र सारखी नाही. भारतीय परंपरेतही एकच वय कधी ठरलेले नव्हते.

मनुस्मृतीने वय सांगितलेलेच नाही. अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पिकले केस दिसू लागले, मुलाला मूल झाले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे खूण शरीरावरची आणि घरातली. वर्षांचा हिशेब आयुर्वेदाने मांडला. चरकसंहितेत ३० पर्यंत बाल, ६० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे जीर्ण वय मानले आहे. सुश्रुताने मात्र मध्यम वय ७० पर्यंत ताणले. आयुर्वेदाच्या दोन प्रमुख ग्रंथांत या प्रश्नावर दहा वर्षांचे अंतर आहे, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी वयोवस्थाशांती करण्याची प्रथा आहे. त्यांपैकी साठीची शांती सर्वांत रूढ. जन्माच्या वेळी चालू असलेला संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येतो, म्हणजे प्रभव ते क्षय हे साठ संवत्सरांचे चक्र एकदा पुरे होते. पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव होतो. ऐंशी उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन येते. वर्षाला सरासरी १२.३७ पौर्णिमा धरल्या, तर हजार पौर्णिमा भरायला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. या सोहळ्यांमागे म्हातारपणाची भीती नाही. इतके आयुष्य लाभले याचा आनंद आहे. आजच्या चर्चेत हा सूर फार क्षीण झाला आहे.

वार्धक्याला सर्वांसाठी एकच आकडा लावण्याची गरज पडली ती निवृत्तिवेतनामुळे. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धापकाळ विम्याचा कायदा केला आणि वय ठेवले ७०. ते १९१६ मध्ये ६५ वर आणले गेले. चॅन्सेलर बिस्मार्क यांनी स्वतःच्या वयावरून ६५ हा आकडा निवडला, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण ती खरी नाही : कायदा झाला तेव्हा ते ७४ वर्षांचे होते आणि कायद्यात ६५ नव्हतेच. ब्रिटनने १९०८ च्या कायद्यात ७०, तर अमेरिकेने १९३५ मध्ये ६५ हे वय धरले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या व्हिएन्ना परिषदेने ६० पासूनच्या लोकसंख्येचा विचार केला. शरीर तपासून यांतला कोणताही आकडा निघालेला नाही. किती लोकांना किती वर्षे पैसे द्यावे लागतील, हा प्रश्न त्यामागे होता.

महाराष्ट्रात आज अशा अनेक रेषा एकमेकींशेजारी आहेत. राज्य सरकारचा बहुसंख्य कर्मचारीवर्ग ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्र सरकारचा ६० व्या. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ पर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ पर्यंत काम करतात. प्राप्तिकरात ६० ला ज्येष्ठ आणि ८० ला अतिज्येष्ठ अशा दोन पायऱ्या आहेत. एसटीत ६५ पासून अर्धे तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास. रेल्वेची सवलत पुरुषांना ६० व स्त्रियांना ५८ पासून मिळे. मार्च २०२० मध्ये ती थांबवण्यात आली. आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न घालता आरोग्यविमा मिळतो तो सत्तरीनंतर. एकाच घरातले आजोबा कर भरताना ज्येष्ठ असतात, एसटीत नसतात आणि रुग्णालयात त्यांना आणखी काही वर्षे थांबावे लागते.

वयाचा आकडा ठरवला, तरी वय सिद्ध करायचे कसे, हा प्रश्न उरतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. आज सत्तरीत असलेल्या पुष्कळांची, विशेषतः खेड्यांतल्या लोकांची, जन्मनोंद झालेली नाही. शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजाने वर्ष आणि बहुधा ‘१ जून’ ही तारीख टाकत. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी राज्यभर शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांचे निरोपसमारंभ एकदम होतात. ज्यांनी शाळाच पाहिली नाही, त्यांचे वय घटनांवरून काढले जाते : पानशेत फुटले (१९६१) तेव्हा मी पाळण्यात होते, कोयनेचा भूकंप झाला (१९६७) तेव्हा गुरं राखत होतो, बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालेलं होतं. माणसाच्या आठवणीत हा हिशेब पक्का असतो, पण अर्जाला दाखला लागतो.

घरातली रेषा वेगळीच. सून आली, नातवंड झाले, किल्ल्या दुसऱ्याच्या हाती गेल्या, की माणूस म्हाताऱ्यांत जमा होतो. बालविवाहाच्या काळात चाळिशीच्या आतच आजी झालेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. रस्त्यावरची मुले ‘काका’ सोडून ‘आजोबा’ म्हणू लागतात, तो दिवस अनेकांना निवृत्तीच्या दिवसापेक्षा जास्त लागतो.

वैद्यकाला शरीरात एकच आरंभबिंदू सापडत नाही. जवळचे वाचायला चष्मा लागतो तो चाळिशीच्या सुमारास, रजोनिवृत्ती येते पन्नाशीच्या आसपास, स्नायूंची झीज त्याआधीच सुरू झालेली असते आणि मूत्रपिंडांची क्षमता हळूहळू उतरत जाते. म्हणून वृद्धरोगतज्ज्ञ वयापेक्षा पुढील गोष्टी पाहतात : विनाकारण वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे, हालचाल कमी होणे. यांतल्या तीन किंवा अधिक आढळल्या, तर ते शरीर आजाराचा वा पडण्याचा धक्का सोसू शकणार नाही, असे समजतात. भारतात या शाखेचा पहिला विभाग १९७८ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

लोकसंख्याशास्त्रज्ञ सँडरसन व शेरबोव्ह यांनी उलटी मोजणी सुचवली : जन्मापासून किती वर्षे झाली ते न पाहता सरासरीने किती उरली ते पाहावे आणि उरलेली वर्षे १५ झाली की वार्धक्य धरावे. अशा मोजणीत आयुर्मान वाढले की वार्धक्य पुढे सरकते. भारताचे सरासरी आयुर्मान स्वातंत्र्याच्या सुमारास जेमतेम ३२ वर्षे होते, आता ते सत्तरीच्या घरात आहे. मात्र तेव्हा लोक तिशीत म्हातारे होत, असा याचा अर्थ नाही. बालमृत्यू प्रचंड असल्याने ती सरासरी खाली ओढली गेली होती.

धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले ते १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी. राज्य कर्मचाऱ्याला आज आपण त्याच वयाला निरोप देतो. कर्वे १९६२ पर्यंत, १०४ वर्षे जगले. सर्वांना असे आयुष्य लाभत नाही, आणि अशा उदाहरणांचा उपयोग थकलेल्या माणसाला कामाला जुंपण्यासाठी होऊ नये. कारण दुसऱ्या टोकाला ऊसतोड करणारे, वीटभट्टीवरचे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे लोक आहेत. त्यांचे गुडघे आणि कंबर पन्नाशीतच जातात, निवृत्तीचे वय मात्र त्यांच्या आयुष्यात नसते. त्यांच्यासाठी असलेली राज्याची श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजना ६५ व्या वर्षी सुरू होते. तिला वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा पुरावा लागतो आणि वयाचाही. जन्मनोंद किंवा शाळेचा दाखला नसेल, तर शिधापत्रिकेवर किंवा मतदारयादीत कुणीतरी अंदाजाने लिहिलेले वयही ग्राह्य धरले जाते.