काहिलीतले पाणी

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळांवर हंगामात काहिलीखालच्या (रस आटवण्याच्या मोठ्या कढईखालच्या) चुलवाणात, म्हणजे भट्टीत, उसाचे जे चिपाड जळते, त्याच्या उष्णतेचा मोठा वाटा केवळ पाणी घालवण्यात खर्ची पडतो. उसाच्या १०० किलो रसात सुमारे ८० किलो पाणीच असते. एक ग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर न्यायला ८० कॅलरी पुरतात. त्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० कॅलरी लागतात.

याचे कारण पाण्याच्या रेणूच्या रचनेत आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याच्याकडे किंचित ऋण आणि दोन्ही हायड्रोजनांकडे किंचित धन प्रभार येतो. शिवाय रेणू १०४.५ अंशांत वाकलेला असल्याने हे प्रभार परस्परांना निष्प्रभ करू शकत नाहीत. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला धरतो. हा हायड्रोजन बंध दुबळा आहे, क्षणोक्षणी तुटतो आणि जुळतो, पण अशा असंख्य बंधांमुळेच पाणी आपल्या हवामानात द्रवरूप राहते. जवळजवळ दुप्पट वजनाचा रेणू असलेले हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळते! चुलवाणाच्या धगीपुढे राबणाऱ्या माणसाचे शरीर ३७ अंशांच्या आसपास टिकते, तेही घामाची वाफ होताना एवढी उष्णता घेऊन जाते म्हणूनच.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. काहिलीतला रसही बराच वेळ शंभरीच्या आसपास रेंगाळतो. पाणी सरत आले की तापमान भराभर चढते आणि ११८ अंशांच्या सुमारास गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मला हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुक्रोजच्या, म्हणजे उसातल्या साखरेच्या, प्रत्येक रेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. उरलेले थोडे पाणी त्यांच्याशी हायड्रोजन बंधांनी बांधले जाते. जिवाणूंना अन्न शोषायला आणि पेशीतील विकरे (एन्झाइम) चालवायला मोकळे पाणी हवे असते, ते गुळात जवळजवळ नसते. अन्नाचा एवढा साठा समोर असूनही जिवाणू तेथे वाढू शकत नाहीत.

पावसाळ्यात मात्र हेच हायड्रॉक्सिल गट दमट हवेतली वाफ ओढून घेतात, ढेपेचा पृष्ठभाग पाझरू लागतो, साखरेचे प्रमाण तेवढ्यापुरते उतरते आणि बुरशीला लागणारे पाणी मोकळे होते. म्हणून गूळ साठवताना ओल्या हवेपासून जपावा लागतो.