हस्तगती-मागोवा

निर्णय पक्का होण्याआधी हात कोणत्या वाटेने गेला, ती वाट नोंदवून विचारप्रक्रियेचा अंदाज बांधण्याची प्रायोगिक मानसशास्त्रातील पद्धत. साधन बहुधा संगणकाचा माऊस असतो. बोटाला मार्कर (हालचाल टिपण्यासाठीची खूण) लावून त्रिमितीत नोंद करण्याचाही प्रकार आहे, पण तो खर्चिक. प्रतिसादकालातून (उत्तर द्यायला लागलेल्या वेळेतून) एकच आकडा हाती येतो, हाताच्या वाटेतून मधली चलबिचलही दिसते, असा पुरस्कर्त्यांचा दावा आहे.

उगम : याबाबत एकमत नाही. मायकेल स्पायव्ही, मार्क ग्रोजाँ व ग्युंटर क्नोब्लिख यांच्या २००५ च्या शोधनिबंधापासून सुरुवात धरण्याचा प्रघात आहे. ‘कॅन्डल’ ऐकून मेणबत्तीकडे निघालेला कर्सर, दुसऱ्या कोपऱ्यात ‘कॅन्डी’चे चित्र असल्यास, तिकडे झुकत जातो असे त्यात आढळले. मात्र ही सुरुवात माऊसपुरती. १९९१ मध्ये एब्रम्स व बलोटा यांनी शब्द किती प्रचलित आहे त्यावर प्रतिसादाच्या हालचालीचा जोरही बदलतो असे दाखवले होते. १९८६ मध्ये गुडेल, पेलिसाँ व प्राब्लाँ यांनी लक्ष्य नकळत सरकवले तरी हात वाटेतच दिशा सुधारतो हे नोंदवले. काही जण थेट रॉबर्ट वुडवर्थच्या १८९९ च्या प्रबंधापर्यंत जातात. त्याने हालचालीचे आरंभीची झेप आणि नंतरची दुरुस्ती असे दोन टप्पे मांडले. वुडवर्थचा प्रश्न अचूकतेचा होता, निवडीचा नव्हे. म्हणून त्याला जनक ठरवणे ओढूनताणून वाटते; १९९१ चा दुवा अधिक सयुक्तिक.

मांडणी : तळाशी मध्यभागी ‘सुरू’ बटण, वरच्या दोन कोपऱ्यांत चित्रे. कर्सरचे स्थान साधारण दर ८ ते १७ मिलिसेकंदांनी टिपतात. फेऱ्यांचा (एक शब्द व एक निवड म्हणजे एक फेरी) कालावधी सारखा नसल्याने प्रत्येक वाटेचे १०१ समान कालबिंदू करतात आणि डावीकडच्या वाटा आरशासारख्या उलटवून एका बाजूला आणतात. आरंभ व शेवट जोडणाऱ्या सरळ रेषेपासून वाटेचे सर्वाधिक लंब अंतर हे मुख्य माप; रेषा व वाट यांमधील क्षेत्रफळ आणि आडव्या दिशेतील उलटफेर ही जोडमापे.

सर्वांत नेहमीची फसगत म्हणजे सहभागी ‘सुरू’ दाबून तिथेच थांबतो, मनात निवड करतो आणि मग सरळ जातो. वाट सुरेख, माहिती शून्य. उपाय म्हणून कर्सर काही पिक्सेल वर सरकल्यावरच शब्द ऐकवतात. माऊसचे त्वरण (हात झपाट्याने हलवल्यास कर्सर जास्त अंतर जाण्याची सोय) बंद व कर्सरचा वेग कमी ठेवावा, नाहीतर मनगटाच्या एका झटक्यात कोपरा गाठला जातो. टचपॅडवर बोट उचलून ठेवावे लागते, वाट तुटते. टेबलावर जेकार्ड चादर अंथरलेली असेल तर ती काढावी. चुणीवर माऊस अडखळला की चलबिचलीचा भास होतो.

सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात शब्दांच्या जोड्या निवडताना मराठीपुरते पाहून भागत नाही. ‘बादली’ आणि ‘बादाम’ ही सरळ स्पर्धक जोडी, म्हणजे आरंभीचा उच्चार सारखा असलेली. पण ‘पाल’ या शब्दासमोर दुधाचे चित्र ठेवले तर मराठी कानाला ती निर्धोक तुलना-जोडी (उच्चार न जुळणारी) वाटते. घरी तेलुगू बोलणाऱ्याला मात्र ‘पालु’ म्हणजे दूध, आणि कर्सरला दुधाकडे खेच लागू शकते. ‘हाल’ आणि दूध ही जोडी कन्नड ‘हालु’मुळे तशीच अडचणीची. म्हणून शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत सहभागी घेताना घरची भाषा आधी विचारून घ्यावी.

अर्थाविषयी वाद : गोलसर सरासरी वाट हा विचार सलग घडत असल्याचा पुरावा मानला गेला. पण निम्म्या फेऱ्या सरळ आणि निम्म्या मध्येच कोन करून वळलेल्या असल्या तरी सरासरी गोलसरच निघते. अशी सरमिसळ तपासायला द्विशिखरता गुणांक (वितरणाला एक शिखर आहे की दोन, याचे माप) काढतात, ०.५५५ च्या वर गेल्यास दोन प्रकार मिसळल्याचा संशय घेतात. केवळ एका बाजूला कललेल्या वितरणातही हा गुणांक फुगतो. २०१९ मध्ये वुल्फ व सहकाऱ्यांनी वाटांचे आकारानुसार गट पाडण्याचा मार्ग सुचवला. प्रत्येक फेरीची वाट एकाच आलेखावर फिकट शाईत काढून पाहणे हे त्याआधीचे काम, आणि बरेचदा तेच वगळलेले असते.