अभयारण्यातली रोपं कोण मोजतं?

२०२२ साली माँट्रियल इथे जगातल्या बहुतेक देशांनी एक उद्दिष्ट स्वीकारलं: २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करायचा. जमिनीपुरतं पाहिलं तर सध्या आपण साधारण १७ टक्क्यांवर आहोत. पण एखाद्या देशातल्या मूळच्या वनस्पती किती सुरक्षित आहेत, हे या आकड्यावरून कळत नाही.

राष्ट्रीय उद्यानं बहुधा उंचावर, खडकाळ, शहरांपासून लांबच्या जमिनीवर असतात. तिथे पीक येत नाही, त्यामुळे ती राखून ठेवायला फारशी कुणाची हरकत नसते. सुपीक सपाटीवर नांगर आधी पोचतो. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशात हे ठळक दिसतं. सुमारे ९०,००० चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात ९,००० च्या आसपास वनस्पतींच्या जाती आहेत. त्यांतल्या दोनतृतीयांश जाती जगात दुसरीकडे कुठेच निसर्गतः वाढत नाहीत. डोंगरांवरचं ‘फाइनबॉस’ हे झुडपी रान बऱ्यापैकी राखलं गेलं आहे. पायथ्याच्या चिकणमातीत मात्र ‘रेनोस्टरव्हेल्ड’ नावाचं दुसरंच रान होतं, कंदातून उगवणाऱ्या फुलझाडांनी भरलेलं. त्याचा बहुतांश भाग गव्हाच्या शेतीखाली गेला. उरले ते शेतांमधले तुकडे, तेही बरेचसे खासगी मालकीचे. उद्या डोंगरावरची आणखी जमीन राखीव केली तर टक्केवारी वाढेल, पण त्या कंदांना तिचा काडीचाही उपयोग नाही.

मोजणीची रीतही तपासायला हवी. अभ्यासक वनस्पतिसंग्रहालयांतल्या नमुन्यांच्या नोंदी घेतात, त्या जागा नकाशावर मांडतात आणि त्यावर संरक्षित क्षेत्रांच्या हद्दी ठेवून पाहतात. निकष सैल असला, तर एक बिंदू हद्दीत पडताच ती जात ‘संरक्षित’ धरली जाते. तो नमुना कदाचित शंभर वर्षांपूर्वी गोळा केलेला असतो. शिवाय वृक्षांचं आयुष्य मोठं. परागण करणारा कीटक नाहीसा झाला किंवा कोवळी रोपं शेळ्यांनी खाल्ली, तरी म्हातारी झाडं कित्येक दशकं उभी राहतात आणि जंगल धडधाकट वाटतं. म्हणून माझ्या मते आधी पाहावं ते खाली, रोपांकडे. ती नसतील तर त्या झाडांची पुढची पिढीच नाही.

ऑस्ट्रेलियातला वॉलेमाय पाइन १९९४ साली सापडला, तोही राष्ट्रीय उद्यानाच्या आतच, एका खोल घळीत. रानातली पूर्ण वाढलेली झाडं शंभराहून कमी. २०१९-२० च्या वणव्यात ती वाचली, कारण हेलिकॉप्टरमधून माणसं खाली उतरली, त्यांनी पाणी फवारण्याची सोय केली आणि विमानांनी आगरोधक द्रव्य टाकलं. मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा हा बुरशीसारखा जीव मात्र तिथे पोचला आहे. तो बुटांना चिकटलेल्या मातीतूनही पसरतो, त्यामुळे घळीची नेमकी जागा गुप्त ठेवली जाते.

कधी नुसतं राखणंच घातक ठरतं. युरोपातल्या चुनखडीवरच्या कुरणांत चराई थांबली की झुडपं माजतात आणि ऑर्किडं मागे हटतात.

मला सर्वांत आशादायक वाटतो तो स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा मार्ग. तिथे १९९० च्या दशकात खास दुर्मीळ वनस्पतींसाठी छोटी राखीव क्षेत्रं आखायला सुरुवात झाली. एका क्षेत्राची मर्यादा २० हेक्टर. खासगी जमीनमालकही त्यात सहभागी होऊ शकतात. कोणत्या जातींसाठी तो तुकडा राखायचा हे आधीच ठरतं आणि त्याच जातींची गणना पुढे होत राहते.