लोकरीच्या गिरणीतून मैदानावर: गवत कापायच्या यंत्राची पार्श्वभूमी

विम्बल्डनच्या कोर्टावरचं गवत ८ मिलिमीटर उंचीवर राखलेलं असतं. म्हणजे जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. दोनशे वर्षांपूर्वी इतकं एकसारखं गवत फक्त सरदार-दरकदारांच्या बागेत दिसायचं, तेही माळ्यांची फौज असेल तर. लांब दांड्याचा विळा घेऊन माळी भल्या पहाटे कामाला लागत, कारण दवाने ओलं झालेलं गवत नीट कापलं जातं. सुकलं की ते विळ्यापुढे नुसतं लवतं. ज्यांना माळी परवडत नसत ते मेंढ्या सोडत. क्रिकेटची पंढरी म्हणवणाऱ्या लॉर्ड्सवरही गवत आखूड ठेवायचं काम मेंढ्यांकडेच होतं. तिथे पहिला ग्राउंड्समन नेमला गेला तो १८६४ मध्ये.

यंत्र आलं ते भलत्याच धंद्यातून. इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या आसपास लोकरीच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर जी लव उभी राहते, ती छाटायला फिरत्या दंडगोलावर पाती बसवलेलं यंत्र तिथे वापरत. एडविन बडिंग या कारागिराने तेच आडवं करून गवतावर चालवलं. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळालं. खेड्यातल्या सद्गृहस्थांना हे यंत्र चालवताना करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम दोन्ही होईल, असं त्याने पेटंटमध्येच लिहून ठेवलं. यंत्र होतं लोखंडाचं, १९ इंच रुंद. एकाने मागून ढकलायचं आणि गरज पडली तर दुसऱ्याने पुढून ओढायचं. त्यात माळ्याची किती करमणूक झाली असेल, देव जाणे!

पुढे स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्सने १८४२ मध्ये तट्टू जुंपून ओढायचं २७ इंची यंत्र काढलं. खुरांचे ठसे हिरवळीत उमटू नयेत म्हणून तट्टांना चामड्याचे बूट घालत. १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीचं पेट्रोलवर चालणारं यंत्र आलं. पण बडिंगची मूळ कल्पना आजही तशीच आहे. दंडगोलाची फिरती पाती खालच्या स्थिर पात्याला घासून जातात आणि गवत कात्रीने कापल्यासारखं कापलं जातं. घरच्या लॉनवरचं रोटरी यंत्र नुसत्या वेगाने गवत तोडतं, त्यामुळे गवताच्या पात्यांची टोकं फाटून पिवळी पडतात. आपल्या मैदानांवर बहुतेक हरळीच्या जातकुळीचं गवत असतं. हरळीची मुळी किती चिवट ते सांगायला नकोच, पण पिचजवळचा भाग गुळगुळीत हवा असेल तर तिलाही दंडगोलाचंच यंत्र लागतं.

हिरवळ दाबून सपाट करणाऱ्या रोलरची गोष्ट याहून मजेशीर आहे. १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा भरवली, ती क्लबचा तट्टाने ओढायचा रोलर दुरुस्त करायला पैसे हवे होते म्हणून!

पुण्यात मात्र रोलर माणसंच ओढत होती. त्यांतलेच एक बाळू पालवणकर, पुढे नावाजलेले क्रिकेट गोलंदाज. आधी पारशांच्या क्लबात पिच झाडायचं आणि त्यावर रोलर फिरवायचा, महिना ३ रुपये. १८९२ मध्ये ते साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे रोलर ओढणं, पिच आखणं, नेट लावणं या सगळ्याचे ४ रुपये. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी ११४ बळी घेतले. पूना क्लबच्या नेटमध्ये साहेबांना ते तासन् तास गोलंदाजी करत, पण जी खेळपट्टी ते रोज तयार करत तिच्यावर बॅट धरायची संधी त्यांना कोणी दिली नाही.